हत्यार लागलं की कॅन्सर पसरतो का?

“गाठीला हत्यार लागलं की ती चवताळती म्हणत्यात. खरं काय हो?” कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या आसपास औषधाच्या दुकानात बसणाऱ्या कुणालाच हा प्रश्न नवा नाही. विचारणारा कधी कागलचा असतो, कधी गारगोटीचा, कधी राधानगरीकडच्या एखाद्या वाडीतला. हातात आईचे किंवा बायकोचे रिपोर्ट असतात. बायोप्सीत स्तनाचा कॅन्सर आलेला असतो, डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिलेली असते आणि गावाकडून कुणीतरी फोनवर सांगितलेलं असतं की अमक्याची बहीण आधी चांगली हिंडत-फिरत होती, चिरलं आणि वर्षात गेली.

उत्तर आधीच देऊन टाकतो, म्हणजे पुढचं वाचून कुणी भलता अर्थ काढणार नाही. ऑपरेशन करायचंच. कॅन्सर स्तनापुरता आणि काखेतल्या गाठींपुरता असेल, तर ऑपरेशन हाच बरं होण्याचा मुख्य रस्ता आहे. ते टाळून झाडपाल्यात घालवलेले महिने परत मिळत नाहीत.

पण म्हणून ती भीती हसण्यावारी नेणं मला पटत नाही. ऑपरेशनच्या त्या तास-दोन तासांत कॅन्सरच्या पेशींचं नेमकं काय होतं, हा खरोखरच शास्त्रातला प्रश्न आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या एका सर्जननं तो तीस वर्षं सोडला नाही. ते म्हणजे डॉ. राजेंद्र बडवे. ते टाटा मेमोरियल सेंटरचे संचालक होते, २०१३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. महालक्ष्मी एक्सप्रेसनं परळ गाठणाऱ्या आपल्याकडच्या अनेक कुटुंबांनी त्यांचं नाव ऐकलेलं असतं. त्यांनी काय शोधलं, ते मात्र कोल्हापुरात फारसं कुणी सांगत नाही.

गाठ काढली, तरी परत का येतो?

स्तनातली गाठ स्वतः सहसा जीव घेत नाही. जीव जातो तो तिथल्या पेशी हाडांत, फुप्फुसांत, यकृतात किंवा मेंदूत जाऊन वाढल्यामुळे. ऑपरेशनमध्ये सर्जन गाठ काढतो, भोवतीचा निरोगी भागही थोडा काढतो, काखेतल्या लसीकाग्रंथी (लिम्फ नोड) तपासतो. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट येतो की कडा स्वच्छ आहेत. तरीही काही बायकांना दोन-चार वर्षांनी पाठदुखी सुरू होते आणि स्कॅनमध्ये मणक्यात डाग दिसतो.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या डॉक्टरांना वाटायचं की आपण कमी कापलं म्हणून असं होतं. मग पूर्ण स्तन, छातीचे स्नायू, काखेतलं सगळं काढून टाकायची पद्धत पडली. अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उंबेर्तो वेरोनेसी यांनी १९७०च्या दशकात चाचण्या सुरू केल्या, आणि जास्त कापल्यानं बाई जास्त जगत नाही हे त्यांतून सिद्ध झालं. कारण बहुतेकदा काही पेशी ऑपरेशनच्या आधीच रक्तातून बाहेर गेलेल्या असतात. केमोथेरपी आणि हार्मोनच्या गोळ्या द्यायच्या त्या या निसटलेल्या पेशींसाठीच.

इथवरचं आता सर्वमान्य आहे. बडव्यांचा प्रश्न याच्या पुढचा होता. काही पेशी आधी गेल्या हे खरं, पण ऑपरेशनच्या वेळी गाठ हाताळली जाते, दाबली जाते, रक्तवाहिन्या कापल्या जातात. जखम भरून यावी म्हणून शरीर त्याच वेळी वाढीची रसायनं सोडत असतं. या गडबडीत आणखी काही पेशी निसटत असतील का? आणि आधीच बाहेर जाऊन बसलेल्या पेशींना याच रसायनांमुळे रुजायला बळ मिळत असेल का? बांधावरचं गाजरगवत फुलोऱ्यावर आल्यावर उपटलं, तर उपटतानाच बी झडतं. म्हणून ते उपटायचं कुणी सोडत नाही, पण जाणता शेतकरी ते कधी आणि कसं उपटायचं याचा विचार करतो. बडव्यांनी तोच विचार केला: सर्जनची सुरी लागण्याआधीच्या काही मिनिटांत, काही दिवसांत काय करता येईल?

पाळीच्या तारखेपासून सुरुवात

हा माग १९९१ सालापासून दिसतो. तेव्हा बडवे लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये काम करत होते. त्यांनी आणि तिथल्या सहकाऱ्यांनी पाळी सुरू असलेल्या २४९ बायकांच्या जुन्या नोंदी काढल्या आणि ऑपरेशन पाळीच्या चक्रात कितव्या दिवशी झालं ते पाहिलं. पाळी आल्यापासून साधारण तिसऱ्या ते बाराव्या दिवसात ज्यांचं ऑपरेशन झालं, त्यांच्यातल्या ५४ टक्के बायका दहा वर्षांनी हयात होत्या. बाकीच्या दिवसांत ऑपरेशन झालेल्यांमध्ये हाच आकडा ८४ टक्के होता. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं तेव्हा मोठी खळबळ उडाली. इतरांनी आपापल्या नोंदी तपासल्या. काहींना असंच दिसलं, काहींना काहीच दिसलं नाही.

जुन्या नोंदींचा हाच घोळ असतो. कुणाचं ऑपरेशन कुठल्या दिवशी झालं यामागे दुसरी शंभर कारणं असू शकतात. बडव्यांचं मला विशेष वाटतं ते इथे. ते या आकड्यावर अडून बसले नाहीत. चक्राच्या त्या तिसऱ्या ते बाराव्या दिवसांत प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन कमी असतं, म्हणजे ऑपरेशनआधी बाहेरून प्रोजेस्टेरॉन दिलं तर? भारतात परतल्यावर टाटामध्ये १९९७ ते २००८ या काळात त्यांनी १,००० बायकांवर ही चाचणी केली. अर्ध्या जणींना ऑपरेशनच्या ५ ते १४ दिवस आधी प्रोजेस्टेरॉनचं ५०० मिलिग्रॅमचं एकच इंजेक्शन दिलं, बाकीच्यांना दिलं नाही. २०११ साली निकाल आला: सगळ्या बायका मिळून पाहिलं, तर ठळक फरक नाही. काखेतल्या ग्रंथींपर्यंत आजार गेलेल्या गटात मात्र फायदा दिसला. पाच वर्षांनी आजारमुक्त राहिलेल्यांचं प्रमाण ५४.७ वरून ६५.३ टक्के. अशा पोटगटातल्या फायद्यावर डॉक्टर लगेच विश्वास टाकत नाहीत आणि ते योग्यच आहे, कारण पुरेसे तुकडे पाडले की कुठल्या तरी तुकड्यात योगायोगानंही फरक दिसतो. त्यामुळे हे इंजेक्शन रोजच्या उपचारात आलं नाही. ऑपरेशनआधीच्या वेळेत काहीतरी करण्यासारखं आहे, ही शंका मात्र पक्की झाली.

लिग्नोकेनची बाटली

आता ते औषध. लिग्नोकेन, ज्याला लिडोकेनही म्हणतात. दात काढताना हिरडीत टोचतात तेच, बोटाला टाके घालण्याआधी देतात तेच. बरेच जण ‘झायलोकेन’ म्हणूनच ओळखतात. स्वीडनमध्ये नील्स लोफग्रेन यांनी १९४३ साली ते तयार केलं. पेटंटचा काळ कधीच संपला. दोन टक्क्यांची तीस मिलीची बाटली घ्यायला शंभराची नोट दिली, तर सुटे परत मिळतात.

टाटाच्या चाचणीत हे असं दिलं: बाईला आधी नेहमीसारखी पूर्ण भूल दिली. ती झोपलेली असताना सर्जननं अर्धा टक्का तीव्रतेचं लिग्नोकेन गाठीच्या चारही बाजूंनी, वरून आणि खालून टोचलं. मग ७ ते १० मिनिटं थांबून ऑपरेशन सुरू केलं. जास्तीत जास्त मात्रा वजनाच्या दर किलोला साडेचार मिलिग्रॅम. म्हणजे ५० किलोच्या बाईसाठी कमाल २२५ मिलिग्रॅम. दोन टक्क्यांच्या बाटलीतलं साधारण सव्वा अकरा मिली घेऊन ते चौपट पातळ करायचं, की ४५ मिली तयार. एका बाटलीत दोन बायकांचं होऊन वर उरतं, पण ऑपरेशन थिएटरमध्ये उघडलेली बाटली एकीसाठीच वापरणं चांगलं. तसं धरलं तरी खर्च माणशी शंभर रुपयांच्या आतच.

बाई आधीच गाढ झोपेत आहे, मग बधिर करायचं इंजेक्शन कशाला? इथेच बहुतेकांची गफलत होते. हे इंजेक्शन दुखू नये म्हणून दिलेलं नाहीच.

पेशीच्या आवरणात बारीक दारं असतात, त्यांतून सोडियम आत शिरतं. मज्जातंतूमध्ये सोडियम आत शिरलं की दुखण्याचा निरोप पुढे जातो. लिग्नोकेन ही दारं बंद करतं, म्हणून दात काढताना कळत नाही. अशाच तऱ्हेची सोडियमची दारं कॅन्सरच्या पेशींवरही सापडतात. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधले मुस्तफा जामगोझ आणि इतर संशोधकांनी स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींवर ती दाखवली. ज्या पेशींवर ही दारं जास्त कार्यरत, त्या प्रयोगशाळेत शेजारच्या उतींमध्ये जास्त घुसतात. मग गाठीला हात लावण्याआधीच ही दारं बंद केली, तर पेशींची हालचाल मंदावेल आणि निसटणं, रुजणं कमी होईल, असा कयास होता. कयास हाच शब्द इथे बरोबर आहे. चाचणीत मोजलं ते बायका किती जगल्या आणि आजार परत आला का हे. पेशींच्या दारांचं त्या वेळी काय झालं, ते मोजलेलं नाही.

१,६०० बायका आणि दहा वर्षं

डिसेंबर २०११ ते जानेवारी २०२२ या काळात देशातल्या ११ केंद्रांवर १,६०० बायका या चाचणीत आल्या. सगळ्यांचा कॅन्सर सुरुवातीच्या टप्प्यातला, ऑपरेशनआधी केमोथेरपी न झालेल्या. कुणाला इंजेक्शन द्यायचं आणि कुणाला नाही हे सर्जननं ठरवलं नाही, चिठ्ठी टाकावी तसं ठरलं. चिठ्ठीला कारण आहे. सर्जनवर सोडलं असतं तर ज्या बाईची त्याला जास्त काळजी वाटते तिला तो इंजेक्शन देणार, आणि मग शेवटी फरक इंजेक्शनचा की बायकांच्या मूळ तब्येतीचा हे कळलंच नसतं. ऑपरेशननंतरचे किरणोपचार, केमो, गोळ्या हे दोन्ही गटांना नेहमीप्रमाणेच मिळालं.

सप्टेंबर २०२२ मध्ये पॅरिसच्या युरोपीय कॅन्सर परिषदेत बडव्यांनी निकाल मांडला आणि २०२३ मध्ये तो ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी’त छापून आला. पाच वर्षांनी इंजेक्शन मिळालेल्यांपैकी ९०.१ टक्के बायका हयात होत्या, न मिळालेल्यांपैकी ८६.४ टक्के. आजार परत न येता राहिलेल्या ८६.६ टक्के विरुद्ध ८२.६ टक्के. शरीरात दूर कुठेतरी कॅन्सर उगवण्याचं प्रमाण ११.६ वरून ८.५ टक्क्यांवर आलं. इंजेक्शनमुळे कुणाला त्रास झाल्याची नोंद नाही.

वर्तमानपत्रांत यातलंच एक वाक्य ‘मृत्यूचा धोका २९ टक्क्यांनी कमी’ असं छापून येतं. ते चूक नाही, पण त्यावरून घरच्यांना वाटतं की शंभरातल्या २९ जणी जास्त वाचल्या. तसं नाही. या टप्प्यातल्या शंभर बायका धरल्या, तर इंजेक्शनशिवायही पाच वर्षांनी ८६ च्या आसपास हयात असतात. इंजेक्शननं त्यात आणखी जवळपास चार जणींची भर पडते. जो मृत्यूचा धोका उरलेला होता, तो साधारण २९ टक्क्यांनी घटला, एवढाच त्या आकड्याचा अर्थ.

चार म्हणजे कमी वाटतात. मला वाटत नाहीत. कॅन्सरच्या उपचारात तीन-चार टक्क्यांचा फायदा दाखवणाऱ्या नव्या औषधांचं वर्षभराचं बिल काही लाखांत जातं, आणि त्यासाठी लोक ऊस गेल्यावरची रक्कम मोजतात, नाहीतर शेत गहाण टाकतात. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात एका वर्षात स्तनाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण सापडले आणि सुमारे ९८ हजार जणी गेल्या. आपल्याकडे बऱ्याच जणी उशिरा येतात, त्यामुळे सगळ्यांना हे लागू पडणार नाही. तरी लागू पडणाऱ्यांचा आकडाही लहान नाही.

मग सगळीकडे देत का नाहीत?

कारण आक्षेप आहेत, आणि ते खोडसाळपणाचे नाहीत.

पहिला आक्षेप असा की दुसऱ्या गटाला काहीच टोचलं नाही. त्यांना नुसतं सलाइनचं पाणी टोचलं असतं, तर फरक औषधामुळे की गाठीभोवती पाणी भरल्यामुळे हे वेगळं करता आलं असतं. शिवाय कुणाला काय दिलंय हे सर्जनला माहीत होतं. यावर असंही म्हणता येतं की बाई हयात आहे की नाही, हे कुणाच्या मतावर ठरत नाही. पण आक्षेप राहतोच.

दुसरा आक्षेप मला जास्त विचार करायला लावतो. २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये २,१०० हून अधिक बायकांची एक आंतरराष्ट्रीय चाचणी आली. त्यात मणक्याच्या बाजूला मज्जातंतू बधिर करून आणि नेहमीचा भुलीचा वायू टाळून ऑपरेशन केलं होतं. कॅन्सर परत येण्यात काहीच फरक पडला नाही, दोन्हीकडे साधारण दहा टक्के. मग तिथे नाही आणि इथे कसा? एक शक्यता अशी की तिथे औषध मज्जातंतूपाशी होतं आणि इथे थेट गाठीच्या भोवती, म्हणजे कॅन्सरच्या पेशींपर्यंत पोचलेलं. ते तर्काला धरून आहे, पण तर्क म्हणजे पुरावा नाही. दुसऱ्या देशात, दुसऱ्या सर्जननी हीच चाचणी करून हाच निकाल आणला, तर वाद उरणार नाही.

आणि इथे पैशाचा प्रश्न येतो. मोठी चाचणी करायला कोट्यवधी रुपये लागतात. नवं औषध असेल तर कंपनी ते घालते, कारण पुढे वसूल होतात. शंभर रुपयांच्या आतल्या, पेटंट नसलेल्या बाटलीसाठी कुठली कंपनी घालेल? टाटाची चाचणी झाली ती केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाच्या पैशातून, म्हणजे तुमच्या-माझ्या करातून. औषधाच्या धंद्यात असूनही मी हे बिनदिक्कत म्हणतो की अशा संशोधनासाठी सरकारनं अजून पैसा घालायला हवा. स्वस्त औषधाचा नवा उपयोग शोधणं बाजारावर सोडलं, तर तो कुणी शोधणार नाही.

आधीच पसरलेला असेल तर

बडव्यांची आणखी एक चाचणी कुटुंबांना कळायला हवी, कारण तिचं उत्तर ऐकायला कठीण आहे. निदानाच्या वेळीच कॅन्सर हाडांत किंवा फुप्फुसांत गेलेला असला, की घरचे म्हणतात, “निदान मूळ गाठ तरी काढा.” टाटामध्ये २००५ ते २०१३ या काळात अशा ३५० बायकांवर हेच तपासलं. अर्ध्या जणींची स्तनातली गाठ काढली, अर्ध्यांची नाही. २०१५ साली आलेला निकाल: काढलेल्या गटात निम्म्या बायका १९.२ महिन्यांपर्यंत जगल्या, न काढलेल्या गटात २०.५ महिन्यांपर्यंत. म्हणजे आयुष्य वाढलं नाही. उलट ऑपरेशन झालेल्यांमध्ये दूरचा आजार लवकर वाढला. बडव्यांच्या मूळ प्रश्नाशी हे जुळतं: ऑपरेशनचा परिणाम गाठीपुरता राहत नाही. म्हणून पसरलेल्या आजारात डॉक्टर “आत्ता ऑपरेशन नको, औषधं चालू करू” म्हणाले, तर त्यांनी हात टेकले असा अर्थ काढू नका. गाठ फुटून जखम वाहत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे बाईचा त्रास कमी करायला ऑपरेशन करतात.

डॉक्टरांना काय विचारायचं

बायोप्सीला घाबरू नका. सुईनं तुकडा काढल्यानं बाईचं आयुष्य कमी होतं याला पुरावा नाही, आणि त्या तुकड्यावरूनच गाठ हार्मोनवर वाढणारी आहे का (हार्मोन रिसेप्टर), तिच्यात हर-टू नावाचं प्रथिन जास्त आहे का हे कळून पुढचे सगळे उपचार ठरतात. खरा घात होतो तो दुसरीकडे: छोट्या दवाखान्यात ‘साधी गाठ दिसते’ म्हणून ती नुसती काढून टाकली जाते, तपासायला पाठवलीच जात नाही, आणि वर्षानं तिथेच परत येते. काढलेली कुठलीही गाठ पॅथॉलॉजीला गेलीच पाहिजे, हा आग्रह नातेवाइकांनी धरायचा.

लिग्नोकेनबद्दल सर्जनना सरळ विचारा: “डॉक्टर, टाटाच्या चाचणीत गाठीभोवती भुलीचं इंजेक्शन देऊन ऑपरेशन केलं होतं. आमच्या आईला त्याचा उपयोग आहे का?” उत्तर ‘नाही’ही येईल आणि त्याला कारणं असतील. हृदयाचे ठोके अनियमित असतील, लिव्हर खराब असेल किंवा या औषधाची ॲलर्जी असेल, तर ते जपून द्यावं लागतं किंवा टाळावं लागतं. आधी केमो देऊन गाठ लहान केली असेल, तर तशा बायका त्या चाचणीत नव्हत्याच, म्हणून त्यांच्याबाबत हा निकाल जसाच्या तसा लावता येत नाही. आणि हे इंजेक्शन घेतलं म्हणून केमो, किरणं, टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोल या हार्मोनच्या गोळ्या यातलं काहीही सुटत नाही. हार्मोनची गोळी किमान पाच वर्षं रोज घ्यायची असते. ती बरं वाटतंय म्हणून मधेच बंद करणाऱ्या बायका दुकानात बसून मला दिसतात, आणि लिग्नोकेननं मिळतो त्यापेक्षा मोठा फायदा त्या हातचा घालवत असतात. पुढच्या गोळ्या न्यायला कुणी आलं नाही, तर मी घरी फोन करून विचारतो.